मशीनचे तेल माझ्या पट्ट्यांवर

मित्रांनो, मी एक जुनी गेमची कॅसेट आहे आणि मला राग आला आहे. थोडाथोडका नाही. ऐकायचे असेल तर ऐका, नाहीतर राहिले.

बिस्किटाएवढा माझा जीव, पण पोटात दीडदोनशे खेळ. एकेक खेळ पाच सेकंदांचा. पडद्यावर एकच शब्द येतो, ‘पकड!’, ‘ओव!’, ‘पळ!’, आणि काय करायचे ते समजेपर्यंत वेळ संपते. मला बनवणाऱ्यांना कोणाला उसंत द्यायचीच नव्हती.

मी चिंगीची. हातात धरून खेळायच्या तिच्या व्हिडिओ गेमच्या पाठीत मी बसायचे. वर्षभर तिने मला डोक्यावर घेतले, मग नव्या कॅसेटी आल्या आणि मी खणात गेले. तेव्हाही चिडले होते, पण तो राग साधा होता.

चिंगीचे काका-काकू शिवणकाम करतात. दुकान खाली, घर वर. गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटे आखडली. कात्री सुटली, मशीन सुटले. व्यायामाचा मऊ चेंडू तर त्या वैतागून भिरकावून द्यायच्या. शेवटी चिंगीने मला खणातून काढले.

"काकू, हरलीस तर चहा तुझ्याकडे."

"अगं, माझा अंगठा हलत नाही आणि हिला चहा हवाय!"

काकू हरल्या. पुन्हा हरल्या. "मेली दम घेऊ देईल तर शपथ," असे मला म्हणाल्या, पण भिरकावले नाही. रोज जेवण झाले की आमची जुंपायची. आधी अंगठा हलू लागला, मग तर्जनी. पळत्या सुईत दोरा घालायचा खेळ त्या पहिल्यांदा जिंकल्या, तेव्हा अशा ओरडल्या की खालचे गिऱ्हाईक घाबरून जिना चढून आले.

त्या घराला एक खोड आहे. जे अडेल त्याला मशीनचे तेल. कुलूप असो, कात्री असो, दाराची बिजागरी असो. एका दुपारी व्हिडिओ गेमला जोडणाऱ्या माझ्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ बसली आणि पडदा पांढरा पडला. नुसत्या कोरड्या कापसाने पुसले असते तरी भागले असते! पण काकांनी कुपी आणली आणि माझ्या पट्ट्यांवर भरपूर तेल सोडले.

"आता बघ, कशी भिंगरीसारखी चालते."

मी जी बंद पडले, ती आजवर.

"अहो, ते काय शिवायचं मशीन आहे?" काकू कडाडल्या आणि त्यांनी कुपी हिसकावून घेतली. उजव्या हाताने! सगळे बघतच राहिले. काकांचा चेहरा उजळला.

"बघा, माझ्या तेलानं हात सुटला!"

शेजारीपाजारी अजून हीच गोष्ट सांगतात. माझे नाव कोणी काढत नाही.

काकू पुन्हा मशीनवर बसल्या. सगळ्यात आधी त्यांनी माझ्यासाठी मखमली पिशवी शिवली आणि मला तीत घालून कपाटात ठेवले. "हिनं खूप केलं गं माझं," त्या चिंगीला म्हणाल्या, "आता आराम करू दे."

आराम! पाच सेकंदांच्या खेळांना आराम!

मित्रांनो, मी आतून ती शिवण रोज पाहते. टाका वाकडा जातो. काकूंचा अंगठा अजून मध्येच अडतो, हे मला दिसते. बाकी सगळे ‘वा वा’ करण्यात गुंग आहेत. राबणाऱ्याला मखमलीत गुंडाळून ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. मला दुरुस्तीवाल्याकडे न्या. ते तेल पुसून काढा. आणि काकूंना माझ्यासमोर आणून बसवा. शिवण सरळ येईपर्यंत मी त्यांना सोडणार नाही.