विद्यानगरच्या गच्चीवरचा शून्य वारा

मित्रांनो, हैदराबादेत विद्यानगरला एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर लोखंडी खांबाला तीन वाट्या लावलेल्या दिसतील. लहान मुलं विचारतात, हा पंखा आडवा का लावलाय? मोठी माणसं विचारतही नाहीत. मी एक जुना वारामापक आहे. पंखा वारा देतो, मी नुसता मोजतो, आणि ही गोष्ट या इमारतीने मला अजून माफ केलेली नाही.

कारखान्यात माझी परीक्षा झाली तेव्हा मला एका बोगद्यात बसवून माझ्यावर ताशी दीडशे किलोमीटरचा वारा सोडला होता. मी पास झालो. वाटलं, आता पुढे वादळंच वादळं. प्रत्यक्षात सहा वर्षं मी मुख्यतः कावळे पाहिले. एक कावळा रोज दुपारी माझ्या वाटीवर येऊन बसतो. नोंदीत त्या वेळेला ‘वारा नाही’ असं लिहिलेलं आहे.

मला इथे रसिकाने आणलं. ती दुसऱ्या मजल्यावर राहते आणि एका हवामान संस्थेत काम करते. एप्रिल-मे महिन्यांत रोज दुपारी ती हैदराबाद आणि आसपासच्या जिल्ह्यांचा नकाशा रंगवते. गडगडाटी वादळ, सोसाट्याचा वारा आणि गारा यांचा धोका कुठे किती, त्याप्रमाणे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. त्यासाठी तिला जमिनीलगतची वाफ बघावी लागते, वरची थंड हवा बघावी लागते, रडारवरचे ढग बघावे लागतात आणि माझ्यासारख्या पन्नास जणांचे आकडे गोळा करावे लागतात.

एवढं करून नकाशा निघतो तो अख्ख्या भागाचा, आणि वाचणारा त्यात स्वतःची गच्ची शोधतो. गारा वीस किलोमीटरवर पडल्या तर म्हणतो, अंदाज चुकला. लोकांना वादळ घरपोच हवं असतं. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण रसिकाला विचारतो, “काय मॅडम, कुठंय तुमचा पाऊस?” जणू ती तो रिक्षात विसरून आली आहे.

लोकांना जरा समज यावी म्हणून तिने जिन्यात एक छोटा पडदा लावला. माझा आकडा त्यावर दिसतो. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी पहिल्या मजल्यावरच्या नामदेवकाकांच्या नातीचं बारसं होतं. सव्वा महिन्याची मुलगी, संध्याकाळी पाचची वेळ, साठ पाहुणे. उन्हासाठी गच्चीवर पत्र्याचा मांडव घातला होता आणि पाळणा बरोबर पत्र्याखाली. दुसऱ्या कोपऱ्यात त्यांच्या बायकोने, पद्मावतीकाकूंनी, कुरडया वाळत घातल्या होत्या. बारशाच्या दिवशी कुरडया कशाला, असं सुनेने विचारलं, तर म्हणाल्या, “बारसं एक दिवसाचं हाय. कुरडया वर्षभराच्या.”

कावळ्यांसाठी काकूंनी कुरडयांवर जाळी ताणली आणि तिचं एक टोक माझ्या खांबाला बांधलं. मी फिरलो, जाळी गुंडाळली गेली. त्यांनी सोडवली. मी पुन्हा फिरलो. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “लईच फिरायलंय मेलं,” आणि परकराच्या नाडीने माझ्या तिन्ही वाट्या खांबाला आवळून टाकल्या. साडेदहा वाजले होते. जिन्यातल्या पडद्यावर आलं: शून्य.

दोन वाजता रसिकाने हैदराबादला नारिंगी रंग दिला आणि थेट पहिल्या मजल्यावर गेली.

“काका, बारसं खाली घरात करा. संध्याकाळी वादळाचा धोका आहे. पत्र्याखाली नको.”

नामदेवकाका तिला जिन्यात घेऊन आले. “वाच.”

“शून्य.”

“मशीन कुणाचं? तुझंच नं? मग आधी तुम्ही दोघं मिटवा, अन् मग मला सांगा.”

मित्रांनो, सहा वर्षांत माझ्यावर कुणी तरी पहिल्यांदाच विश्वास ठेवला, आणि तो मला बांधून ठेवलेलं असताना.

साडेचारला रसिका धापा टाकत गच्चीवर आली. शहरातले बाकीचे वारामापक थोडे तरी फिरत होते, फक्त मी सहा तास शून्यावर होतो. तिने नाडी पाहिली. गाठ सोडली आणि मागे झाली. निम्मे पाहुणे आले होते, बाळ पाळण्यात होतं, सगळे माझ्याकडे बघत होते. मी जीव तोडून फिरलो. जिन्यातल्या पडद्यावरचा ताशी किलोमीटरचा आकडा कुणीतरी ओरडून सांगितला:

चार.

काय करू? वादळाआधी वारा पडतो, आणि माझ्या जातीला मनाचं सांगता येत नाही.

“चार,” काका म्हणाले. “चारनं पत्रा उडतो होय?”

“काका, तो आत्ताचा वारा सांगतो, येणारा नाही सांगत. अशा दहा दिवसांपैकी चार दिवस आपल्या भागात जोराचं वादळ होतं.”

“म्हणजे सहा दिवस होत नाही.”

“हौ, बहुमत आहे,” बाळाचा बाप निखिल म्हणाला. हा सॉफ्टवेअरमध्ये आहे.

रसिका एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली.

“दहातले चार, म्हणजे चाळीस टक्के नं?” कोपऱ्यातून पद्मावतीकाकूंनी विचारलं.

“हो काकू.”

काकूंनी जाळी काढली आणि कुरडया परातीत भरायला लागल्या.

“आता हे काय करायलीस?” काकांनी विचारलं.

“चार दिवस गहू भिजवून केल्यात. चाळीस टक्क्यावर मी कुरडई बाहेर ठेवत नसते.”

परात घेऊन त्या जिन्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. परातीकडे पाहिलं, मग पाळण्याकडे.

“अहो,” त्या हळू म्हणाल्या, “पोरीला उचला. लाज वाटायली मला.”

काकांनी नातीला उचललं. पाहुणे ताटं, फुलं, रुखवतासारखी मांडलेली खेळणी उचलून खाली गेले. शेवटी रसिका गेली, खुर्चीसकट.

आधी धूळ आली. एकतीस. अठ्ठावन्न. चौऱ्याऐंशीला मांडवाचा पत्रा उठला, पाण्याच्या टाकीवर आपटला आणि रिकाम्या पाळण्यावर आडवा पडला. जाता जाता त्याने माझी एक वाटी नेली. मग लिंबाएवढ्या गारा. त्यानंतरचे आकडे मी दोन वाट्यांवर मोजलेले आहेत, ते कुणी मनावर घेऊ नये.

खाली दोन खोल्यांत साठ माणसांनी उभ्याने बारसं केलं. मुलीचं नाव चारुलता ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच नारायणगुड्याहून एका गृहस्थांचा रसिकाला फोन आला. तिथे थेंबही पडला नव्हता, नारिंगी रंग साफ चुकला असं त्यांचं म्हणणं. रसिका म्हणाली, “अभिनंदन,” आणि फोन ठेवला.

मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. आम्हाला काही बांधू नका आणि आमच्यावर काही वाळत घालू नका. नारिंगी रंग दिसला तर ‘माझ्याच घरावर येणार का’ असं विचारू नका, ते रसिकालाही माहीत नसतं. वर कोण आहे ते बघा आणि त्याला खाली बोलवा. दहातल्या सहा वेळा तुम्ही उगाच जिना उतराल. उतरा. खाली उभं राहून मला खुशाल हसा, पण खाली उभं राहून.