चष्म्याच्या घरातला पेनड्राइव्ह

बूट डिस्क सापडत नाही, असं कॉम्प्युटरने पुन्हा एकदा सांगितलं आणि बारक्याने कपाळाला हात लावला. केस पिकले, दुकानात लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर उघडता उघडता पाठीचा खुळखुळा झाला, तरी ताईच्या घरी तो बारक्याच होता. भाऊजी जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांना गाण्याची हौस. स्वतः म्हटलेली गाणी त्यांनी या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती, आणि ताईला ती ऐकायची होती. दुसरं काही तिने मागितलं नव्हतं.

कॉम्प्युटर आपला आपण सुरू होईना, म्हणून बारक्या सोबत आणलेल्या लॅपटॉपवर लिनक्सचा, म्हणजे मशीन बाहेरून सुरू करणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचा, पेनड्राइव्ह बनवत होता. त्यावरून मशीन चालू करायचं आणि गाणी काढून घ्यायची. काम हातचा मळ. पण पहिला पेनड्राइव्ह मशीनने ओळखलाच नाही. दुसऱ्यावर लिहून झालं असं लॅपटॉप म्हणाला आणि रात्री दुकानात जागलेल्या बारक्याने तो लगेच उपटला. पेनड्राइव्हचा दिवा अजून लुकलुकत होता. लॅपटॉप 'झालं' म्हणतो तेव्हाही मागे लिहिणं चालूच असतं, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. पेनड्राइव्ह गेला तो गेलाच. दमलेल्या माणसाच्या आधी त्याची अक्कल झोपते.

घरात एखादा पेनड्राइव्ह पडलाय का, असं त्याने विचारलं. ताईने भाऊजींच्या चष्म्याच्या घरातून एक काढून दिला. त्याला काळा दोरा बांधलेला होता.

लिनक्स लिहिलं की पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी आत बघायचं, मग पुसायचं, हा बारक्याचा दुकानातला नियम. आज डोळे मिटत होते. त्याने बघितलं नाही. लिहिलं, दिवा विझेपर्यंत मुकाट्याने थांबला, आणि या खेपेला कॉम्प्युटर सुरू झाला.

गाण्यांचं फोल्डर रिकामं होतं.

"मशीन दगा देणार, असं म्हणत होते शेवटी शेवटी," ताई म्हणाली. "दुसरीकडे कुठे ठेवली असतील का रे?"

हरवू नये अशा वस्तूला भाऊजी दोरा बांधत. बारक्याने मशीनला लावलेल्या पेनड्राइव्हचा काळा दोरा बघितला.

"याच्यातच होती, ताई. मी न बघता पुसली."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

पुसलेलं शोधून काढायचा प्रोग्राम दुपारभर चालला. हाती लागला तो एक तुकडा. आधी खोकला, मग भाऊजींचा आवाज, "अगं, सुरू झालं का हे?" मागून ताईचा, "झालंय केव्हाच. म्हणा आता." भाऊजींनी श्वास घेतला आणि तिथेच तुकडा संपला.

बारक्याला मान वर करवेना.

"परत लाव," ताई म्हणाली.

त्याने लावला. खोकला झाला. भाऊजींनी विचारलं, सुरू झालं का हे, आणि खुर्चीत बसलेल्या ताईने हळूच सांगितलं, "झालंय. म्हणा आता."