उपसलेली टाकी

दोन दिवसांची रजा संपवून डॉक्टर कामावर आला आणि कठड्यावरून वाकून टाकीत बघतच राहिला. टाकी स्वच्छ होती. पार तळ दिसत होता.

डॉक्टर म्हणजे काही औषधं देणारा नव्हे. कापड रंगवायच्या कारखान्यात सांडपाणी साफ करणारा माणूस तो. रंग, साबण आणि काय काय मिसळलेलं पाणी या टाकीत यायचं, आणि तिच्यातल्या तपकिरी गाळातले जिवाणू त्यातली घाण खाऊन टाकायचे. मग ते पाणी नदीत. गाळाला हवा किती, खाणं किती, हे अकरा वर्षं तो एकटाच बघत होता. कुणी विचारलंच तर भुवई उडवून म्हणायचा, "तुम्हाला नाही कळायचं ते." म्हणून लोकांनी त्याला डॉक्टर करून टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही.

"कशी चकाचक केली, भाऊजी?" मागून मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, रंगखात्याचा मुकादम. इतका टापटिपीचा, की बहिणीच्या घरी चहा घेतानाही कप आधी स्वतः विसळायचा. "गुरुवारी प्रदूषण खात्याचा तपासनीस येतोय ना. चार माणसं लावली आणि सगळी घाण टँकरनं पाठवून दिली."

"अरे, ती घाण नव्हती! तीच तर कामाला होती."

मेहुण्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो टाकीच्या कठड्यावर बसला.

नवा गाळ शहराच्या मैला शुद्धीकरण केंद्रातून मिळाला असता, पण तो इथल्या पाण्याला सरावायला निदान दोन आठवडे. तोवर रंगखात्याचं पाणी साठवणीच्या हौदात थोपवायचं म्हटलं, तर हौद उद्या दुपारीच भरणार. म्हणजे रंगकाम बंद. बंद करायचं तर मालकांना कारण सांगावं लागणार, आणि कारण समोर कठड्यावर बसलं होतं.

"जुना पाइप आहे की, थेट नदीत जाणारा," मेहुणा हळूच म्हणाला. "दोन आठवड्यांत कुणाला काय कळतंय? मालक मला दारात उभं करणार नाहीत, भाऊजी. पोरं शाळेत आहेत माझी."

"आणि खाली ते पाणी कोण पितं? तुझी ताई सकाळी नळ सोडते, त्याला पाणी कुठून येतं?"

"नदी एवढी मोठी, आपल्यानं काय..."

"जो तो हेच म्हणतो आणि तिच्यात सोडतो."

डॉक्टर मालकांच्या खोलीकडे निघाला. बायको काय म्हणणार हे त्याला तोंडपाठ होतं: माझाच भाऊ सापडला का तुम्हाला?

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे कान लाल झाले. "टाकी उपसली कुणी?"

डॉक्टरनं येताना एक गुळगुळीत उत्तर जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "माझ्या मेहुण्यानं. पण ती उपसायची नसते, हे त्याला सांगायचं कुणी? मी. अकरा वर्षांत मी कुणाला काही शिकवलं नाही. माझ्यावाचून सगळ्यांचं अडावं, असं वाटायचं मला. आता अडलंय."

"माणसं मी लावली होती, मालक," दारातून आवाज आला. मेहुणा मागोमाग आला होता. "भाऊजी रजेवर होते. त्यांना विचारायचंसुद्धा सुचलं नाही मला."

मालकांनी फोन उचलून रंगकाम बंद करायला सांगितलं. "मुकादमकी आजपासून दुसऱ्याकडे," ते मेहुण्याला म्हणाले. "तू टाकीवर जायचंस, यांच्या हाताखाली. आणि तुम्ही, डॉक्टर, तपासनीसाला आत्ता मला सांगितलंत तसंच सगळं सांगायचं."

दोघं बाहेर आले. एकेक यंत्र थांबत होतं, आणि माणसं कामं टाकून त्यांच्याकडेच बघत होती. फाटकापाशी मेहुणा थांबला.

"ताईला कोण सांगणार?" मेहुण्यानं विचारलं.

"दोघं मिळून सांगू," डॉक्टर म्हणाला. "पण आधी तू बोल."