भरतीची गाडी

"करमअली, सुरू कर. साहेब आले." तुळशीराम मास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"पानी भरलं न्हाय अजून," करमअली म्हणाला आणि चक्राच्या दांड्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

१९३१ साली मुरुडच्या शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. मी तिथे चित्रकला शिकवायचो. काथ्याच्या दोऱ्या, शिंपल्यांच्या पेट्या आणि मधोमध तीन फळ्यांवर करमअलीची आगगाडी. नारळाच्या सोडणांचे डोंगर, आरशाच्या तुकड्यांची खाडी, धक्का आणि धक्क्याला लागून स्टेशन. चक्र फिरवलं की दोरीने ओढली जाऊन गाडी डोंगरापलीकडच्या इस्पितळापर्यंत जायची. हा स्कॉटलंडातला रेल्वेचा फाटा, असं तो सांगायचा. बोटीवर भट्टीत कोळसा टाकत तो तिकडे जाऊन आला होता. आमच्या निम्म्या गावाने खरी आगगाडी पाहिली नव्हती. पण नावं ठेवायला ती पाहिलेली कुठे लागते!

मास्तर मात्र तीस वर्षं स्टेशनमास्तर होते. "असा फाटा नकाशात नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"न्हायच. म्हनून तर बांधला."

हे त्यांनी एक वेळ गिळलं, पण वेळापत्रक काही घशाखाली उतरेना. करमअलीची गाडी भरतीला सुटायची. आज बाराला, तर उद्या पाऊण तास उशिरा. सगळं गाव हसलं. गलबतात पाय ठेवण्याआधी भरती विचारणारी आम्ही माणसं, आम्हीच हसलो.

पाहुण्या साहेबांना गाडी आवडली, तर ती मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार होती. करमअलीलाही ते हवं होतं. त्याच्या बायकोने, फिरोजाने, त्या दिवसासाठी त्याला नवा कुडता शिवला होता.

"कधी भरणार तुझं पाणी?" मास्तरांनी विचारलं.

"साडेबाराला. अमाशेचं हाय."

"साहेबांना अकराला निघायचंय! एकदा फिरव ना. तुझं काय जातंय?"

"काय जातंय?" करमअलीचा आवाज चढला. "माझा भाऊ गेला, मास्तर!"

सगळे वळून बघू लागले.

"बायलर फुटला तवा सिराजुद्दीन नि मी एकाच भट्टीवर व्हतो. भाजलेल्याला होडीत घालून किनाऱ्याला आनला. ओहोटी व्हती, होडी चिखलात रुतली. समोर स्टेशन, समोर गाडी. थितला मास्तर तुमच्यासारखाच. त्यानं घड्याळ बघितलं नि शिट्टी दिली. दुसरी गाडी सकाळी. सिराज रात्रीत बाकड्यावरच गेला. घड्याळ बरोबर व्हतं, मास्तर. मिनिटाचा फरक न्हवता."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, टोपी उचलली आणि ते निघाले. त्यांच्यामागे गर्दीही पांगली.

"हातची मुंबई घालवलीस," मास्तर म्हणाले.

"घालवली. माझ्या फाट्यावर गाडी पान्यासाठी थांबंल. ज्याला घड्याळाची हवी, त्यानं आपली दुसरी बांधावी."

मला त्याचा तेव्हा भयंकर राग आला होता. हट्टाने स्वतःचं नुकसान करून घेणारा माणूस मला मूर्ख वाटायचा. तरी माझा पाय काही निघेना.

साडेबाराला लाटा शाळेमागच्या बांधावर आपटू लागल्या. आता करमअली, फिरोजा, मास्तर आणि मी असे चौघेच उरलो होतो. करमअलीने खिशातून बोटाएवढा लाकडी माणूस काढला, धक्क्यावर ठेवला, मग तिथून उचलून डब्यात आडवा निजवला आणि चक्र फिरवायला घेतलं. फार हळू फिरवत होता, गचका बसू नये म्हणून. गाडी डोंगर ओलांडून इस्पितळापाशी थांबली. फिरोजा तिथे आधीच जाऊन उभी होती. तिने पदराने हात पुसले आणि त्याला अलगद उतरवून घेतलं.