सागवानी कपाट

काकासाहेब मिस्तरींचा मुलगा विश्वजीत रंध्याला हात लावायला तयार नव्हता, म्हणून त्यांनी तनुजाला शिकवायला घेतलं. ती बिडकीनहून रोज बसनं शहागंजला त्यांच्या दुकानात यायची. आयटीआयमध्ये सुतारकाम झालं होतं, तरी पटाशीला धार लावण्यापासून काकासाहेबांनी सगळं नव्यानं शिकवलं. "लाकडाशी भांडू नको. त्याची रेघ कुठं जाती ते बघ," ते म्हणायचे. पुढं लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला, आणि दुकानातलं सगळं बारीक काम तनुजाच करू लागली.

अनंतराव नावाच्या निवृत्त वकिलांनी मुलीच्या लग्नासाठी सागवानी कपाट सांगितलं. तनुजानं ते एकही खिळा न ठोकता, नुसत्या सांध्यांवर उभं केलं.

कपाट पोचवायला विश्वजीतही आला होता. अनंतरावांनी खण ओढून पाहिला, परत लावला.

"असं काम आता बघायला मिळत नाही. कुणाचा हात आहे?"

"आमच्या विश्वजीतचा," काकासाहेब म्हणाले.

विश्वजीत खिडकीबाहेर बघत राहिला. तनुजा खाली बसून कपाटाच्या पायाला पाचर लावत होती.

परतताना टेम्पोत तिनं विचारलं, "काका, असं का म्हणलात?"

"तू उद्या लग्न करून जाशील. दुकान पोरालाच चालवायचंय. लई मनाला लावून घेऊ नको."

"मला शिकवताना नाय सुचलं हे?"

दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात गेली नाही.

काही आठवड्यांनी त्यांची बायको वच्छलाबाई बिडकीनला आली. "कपाट बघून नवी कामं आलीत. ह्यांचा हात चालत नाय, पोराला जमत नाय. चल, बाई."

"येते काकू. पण काम कुणी केलं ते गिऱ्हाइकाला सांगायचं."

"तेवढं सोडून बोल."

तनुजानं नकारार्थी मान हलवली. चहा तसाच ठेवून वच्छलाबाई उठली.

मग विश्वजीतनं प्लायवूडची तयार कपाटं आणून विकायला सुरुवात केली. काकासाहेब दिवसभर दारात नुसते बसून असतात, असं तनुजाच्या कानावर आलं. तिला आधी बरं वाटलं, मग बरं वाटल्याचाच राग आला.

तिनं गावाजवळच्या फर्निचर कारखान्यात नोकरी धरली. फळ्यांच्या कडांना मशीननं प्लास्टिकची पट्टी चिकटवायची, एवढंच काम. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं विचारलं, "आधी कुठं सुतारकाम केलंय का?"

"नाय," तनुजा म्हणाली.