नात्याचा रकाना

मा-द्लोमोनं चिरायचा भोपळा बाजूला सरकवला, हात पुसले आणि विमा कंपनीच्या पोरीला म्हणाली, "मयताला घालायचा तो तंबू परत दाखव."

सिपोकाझीनं टॅबलेट पुढे केला. तंबू पांढराशुभ्र होता. त्याला खिडक्या होत्या.

"खिडक्या कशाला?" समोर बसलेल्या राडेबेनं विचारलं.

"हवा येते, काका."

"कुणाला?"

पोरीनं पुढचं चित्र उघडलं.

न्यू ब्रायटनच्या या गल्लीतली निम्मी माणसं मा-द्लोमोच्या हातांत जन्मली होती आणि मोठी झाल्यावर राडेबेच्या बसनं कामावर उशिरा पोचली होती. दोघंही आता निवृत्त होते. नावं दोघांनाही होती, पण या वयात लोक कुळाच्याच नावानं हाक मारतात. मा-द्लोमोनं लग्न केलं नव्हतं; बाळंतपणांतून सवड झाली नाही, असं ती सांगे. राडेबेची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून तो दर शनिवारी मा-द्लोमोच्या फाटकाची बिजागरी दुरुस्त करायला येई. बिजागरीला नक्की काय झालंय हे दोघांपैकी कुणीच कधी विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीच्या मातीसाठी तिची भाची दारोदार फिरली. त्या दिवशी मा-द्लोमोनं ठरवलं, आपल्या वेळी कुणी असं फिरायचं नाही. आपल्याला व्यवस्थित गाडीत घालून कोफिम्वाबाला, भावाच्या घरी न्यायचं आणि आई-बापाशेजारी पुरायचं. आजच सही करायची.

राडेबेला मात्र सकाळपासून एकही योजना पसंत पडेना. पहिलीतली, मातीच्या जेवणासाठी कापायची गाय रोडकी होती. दुसरीतली बस घाटात बंद पडणार, हे त्याला फोटोवरूनच कळलं. तिसरीत शववाहिनीचा ड्रायव्हर फार हसत होता.

"तुला पुरायचंय का मला?" मा-द्लोमो म्हणाली. "गप बस. पोरी, सही कुठे?"

"इथे बोटानं करा, मावशी. फक्त पहिले सहा महिने पैसे मिळत नाहीत. अपघात झाला तर गोष्ट वेगळी."

"म्हणजे सहा महिने मरायचं नाही?"

"आपोआप नाही."

"हरकत नाही. कामं आहेत."

तिनं बोट पुढे केलं. राडेबेला खोकला आला. पाणी देऊनही तो थांबेना. शेवटी त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला, आणि खोकला थांबला.

"हे जरा बघ गं. माझी पॉलिसी आहे. जुनी. काय लिहिलंय काही कळत नाही."

सिपोकाझीनं वाचलं. "काका, ही तर जोडप्याची आहे! काकूंचं नाव कमी झालंय, पण जागा रिकामीच आहे. त्याच हप्त्यात अजून एक माणूस बसेल."

"असं होय?" राडेबे म्हणाला. आश्चर्य त्याला नीट जमलं नाही.

"मावशींना घालायचं का?" पोरगी कामाला वाघ होती. "नातं काय लिहू?"

राडेबे आपल्या टोपीचं अस्तर तपासू लागला. मा-द्लोमोनं भोपळा पुन्हा पुढे ओढला आणि साल काढायला घेतली.

"शेजारीण चालेल?"

"नाही मावशी. पत्नी लागते. रीतीप्रमाणे झालेलं लग्नही चालतं. पण झालेलं लागतं."

मा-द्लोमोनं अर्धा भोपळा सोलला.

"राडेबे."

"हं."

"मला तुझ्या कागदात घालायला निघालास. तुझी माणसं मागणी घालायला माझ्या भावाच्या फाटकाशी कधी उभी राहिली?"

"या वयात?"

"वय तुझं वाढलंय. रीत तेवढीच आहे."

"चुलते दोनच उरलेत माझे. एकाला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही."

"मिळून एक माणूस पुरा होतो. पाठव."

"तुझा भाऊ त्यांना दुपारपर्यंत उन्हात उभं करील. कोण तुम्ही, कशाला आलात, ओळखत नाही म्हणेल."

"म्हणेलच. मी काय वाटेवर पडलेय?"

राडेबे उठला. टोपी त्यानं उलटी घातली, मग सुलटी घातली. "एकाला आत्ता गाठतो. दुपारनंतर तो झोपतो," म्हणाला आणि बिजागरीकडे न बघताच फाटकाबाहेर गेला.

"मावशी, मग अर्ज रद्द करू?" सिपोकाझीनं विचारलं.

"रद्द कशाला? रकाना रिकामा ठेव. पुढच्या महिन्यात ये. आणि ते सहा महिने काही कमी होतात का, साहेबाला विचारून ये."

पोरगी गेल्यावर मा-द्लोमोनं भोपळा शिजायला टाकला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि कोफिम्वाबाला फोन लावला. भावानं पहिल्याच घंटीला उचलला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. तुझं कुत्रं अजून चावतं का?"

"चावतं की. का?"

"येत्या शनिवारी बांधून ठेव. आणि हे बघ, लगेच हो म्हणू नकोस."