परीक्षेआधीचा सत्कार

शाहूपुरीच्या कोपऱ्यावर फ्लेक्सवर माझा फोटो लागला होता. 'आमच्या टूलला पात्रता मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! परीक्षक मा. रशिदा मुजावर यांचे मनःपूर्वक आभार.' परीक्षा मी अजून घेतलीच नव्हती. सत्काराची एवढी घाई, की निकालाची वाट बघायलाही यांना वेळ नाही.

वर कंपनीत शिरले तर मालक अमरसिंह फेटा घेऊनच उभे. मी बांधू दिला नाही, तेव्हा चेहरा असा पाडला की जणू मीच त्यांचा फेटा चारचौघांत उतरवला.

हे लोक दवाखान्यातल्या औषधाच्या पंपाचं सॉफ्टवेअर करतात. करतात म्हणजे काय, पडद्यावर चौकोन आणि बाण जोडून पंपाचं मॉडेल काढतात. त्यावरून कोड लिहायचं काम एक टूल करतं. टूल चुकलं तर पंप चुकणार आणि भोगणार पेशंट. म्हणून टूलचीही परीक्षा असते, आणि बाहेरच्या माणसाने पास केल्याशिवाय पंप दवाखान्यात जात नाही. ते बाहेरचं माणूस मी.

"मॅडम, सगळं जुळलंय की! एक बी चूक न्हाय," अमरसिंह म्हणाले.

"ज्यांच्याशी जुळवलं, ती अपेक्षित उत्तरं कुणी काढली?"

"टूलनंच की. हातानं कोण करत बसतंय?"

मला हसू नाही, किळस आली. ज्याची परीक्षा, त्याच्याच पेपरवरून उत्तरं उतरवून घेतली आणि वर शंभर टक्क्यांचा डंका! मी मॉडेल उघडलं आणि तान्ह्या बाळाचा डोस घातला, ताशी अर्धा मिली. टूलने लिहिलेल्या कोडने दशांश चिन्हापुढचा आकडा उडवला. पंपाचं उत्तर शून्य. टूलनेच काढलेल्या अपेक्षित उत्तरातही शून्य. पडद्यावर हिरवी खूण आली.

"बाळाला औषधाचा थेंब मिळणार नाही, आणि तुमचं टूल पास. वा!"

"एवढ्या-तेवढ्यानं काय हुतंय? म्होरच्या टायमाला सुधारू की. फ्लेक्स लागलाय, सगळं गाव बघतंय. सही करा मॅडम, इज्जतीचा प्रश्न हाय."

इज्जत! लेकराच्या जिवापेक्षा यांना चौकातलं प्लॅस्टिक मोठं. माझं डोकंच फिरलं. सून दिवस भरायच्या आत बाळंत झाली, हे मघाशी पेढा देताना त्यांनीच मला सांगितलं होतं.

"नात अजून काचेच्या पेटीत आहे ना? तिला हाच पंप लावा. मी लगेच सही करते."

"काय बोलताय मॅडम! तिला असलं कसं लावीन? बाहेरच्या कंपनीचा लावलाय, मी सोता खात्री करून!"

खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. अमरसिंहांनीही ऐकलं, पण जरा उशिरा. मी 'टूल नापास' असं लिहिलं आणि खाली सही केली.